'गोळीशिवाय थायरॉइड मुळापासून बरा': या दाव्यात खरे किती?

इन्स्टाग्राम उघडा किंवा यूट्यूब, थायरॉइडवर बोलणारे कोणीतरी भेटतेच. बोलणे साधारण ठरलेले असते. तुमचे डॉक्टर फक्त टीएसएच बघतात, आम्ही मुळाशी जातो. रिपोर्ट 'नॉर्मल' असला तरी तो 'ऑप्टिमल' नाही. गोळी आयुष्यभर घ्यायची गरज नाही. त्यापाठोपाठ येते बारा-पंधरा तपासण्यांचे पॅकेज, तीन महिन्यांचा आहार आणि सप्लिमेंटचे डबे.

या पद्धतीला 'फंक्शनल' म्हणतात. तिचा उगम अमेरिकेतला. जेफ्री ब्लँड या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये तिथे यासाठी संस्था काढली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर विषयांत हा विषय नाही. म्हणून 'फंक्शनल थायरॉइड तज्ज्ञ' ही पाटी दिसली की त्या व्यक्तीची मूळ पदवी कोणती, हे आधी विचारा.

या पद्धतीने विचारलेला प्रश्न मात्र बरोबर आहे. रिपोर्ट नॉर्मल असूनही मला बरे का वाटत नाही? त्यावर दिलेली उत्तरे बहुतेक वेळा चुकीची आणि काही वेळा धोक्याची असतात. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

लोकांना हे का पटते?

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई आणि गोव्यासह भारतातील आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली. त्यांतील सुमारे ११ टक्के जणांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडची कमतरता होती. म्हणजे दर नऊ माणसांत एक. त्यात स्त्रिया जास्त. प्रत्येक घरात, प्रत्येक सोसायटीत रोज सकाळी ही गोळी घेणारे कोणी ना कोणी असते.

यातल्या बहुतेकांना गोळीने बरे वाटते. पण अंदाजे ५ ते १० टक्के रुग्णांना टीएसएच आटोक्यात आल्यावरही थकवा, जड डोके, न हलणारे वजन हा त्रास राहतो. गर्दीच्या ओपीडीत त्यांना "रिपोर्ट चांगला आहे, गोळी चालू ठेवा" एवढेच ऐकायला मिळते. दुसरीकडे कोणीतरी पाऊण तास बसून झोप, पाळी, पचन, ताण सगळे विचारते. माणूस तिकडे वळला तर नवल नाही. ही आम्हा डॉक्टरांच्या व्यवस्थेतली उणीव आहे, आणि याच जागेत हा व्यवसाय वाढला आहे.

टीएसएचवर एवढा भरवसा का?

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ हे संप्रेरक बनवते. शरीर गरजेप्रमाणे त्याचे टी३ करून वापरते. मेंदूतली पियूषिका ग्रंथी रक्तातल्या या संप्रेरकांवर लक्ष ठेवते आणि ते कमी पडले की टीएसएच वाढवून थायरॉइडला कामाला लावते. टी४ थोडा जरी घसरला तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे बिघाड सगळ्यात आधी टीएसएचमध्ये दिसतो. सोबत फ्री टी४ केला की बहुतेकांचे निदान होते.

याला अपवाद आहेत. पियूषिका ग्रंथीच बिघडली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही टी४ कमी असू शकतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, त्यानंतर दूध आले नाही, पाळी परतली नाही, अशा स्त्रीला एकट्या टीएसएचवर सोडता येत नाही. गरोदरपणाचे निकषही वेगळे असतात.

'ऑप्टिमल' टीएसएच १ ते २ मध्येच हवा, या आग्रहाला मात्र आधार नाही. प्रौढांत साधारण ०.४ ते ४.५ ही मर्यादा निरोगी माणसांच्या मोजमापावरून ठरली आहे. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो आणि वयाबरोबर थोडा वाढतो. पट्टा अरुंद केला की निरोगी माणसांतला मोठा हिस्सा एका फटक्यात 'रुग्ण' होतो.

पॅकेजमधल्या तपासण्या

कोणत्याही तपासणीची मर्यादा सहसा अशी ठरवतात की ९५ टक्के निरोगी लोक तिच्या आत येतील. म्हणजे ५ टक्के निरोगी माणसे बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या १२ तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्याही निदान एका आकड्याखाली लाल रेघ येण्याची शक्यता ४६ टक्के होते. ही रेघ पुढच्या विक्रीचे कारण ठरते.

रिव्हर्स टी३ ही या पॅकेजमधली लाडकी तपासणी. आजारपणात, उपासात, कडक डाएटमध्ये शरीर ऊर्जा वाचवायला टी४चे रूपांतर या निष्क्रिय प्रकारात करते. म्हणजे ही तपासणी शरीरावर ताण आहे एवढेच सांगते. तिच्यावरून थायरॉइडचे औषध ठरत नाही.

अँटी-टीपीओ अँटिबॉडी एकदा तपासण्याला अर्थ आहे. हाशिमोटो हा आजार, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइडवर केलेला हल्ला, आहे का ते त्यातून कळते. पण वर सांगितलेल्या भारतीय अभ्यासात जवळपास २२ टक्के लोकांत ही अँटिबॉडी सापडली, आणि त्यांतल्या अनेकांचे थायरॉइडचे काम व्यवस्थित होते. दर तीन महिन्यांनी ती मोजून 'प्रगती' दाखवण्याने उपचार बदलत नाही. गोळीचा डोस ठरवण्यासाठी टी३ मोजू नये, असे अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनेही डॉक्टरांना सांगितले आहे.

"मी गोळी सोडली आणि बरी झाले"

असे सांगणारे सगळे खोटे बोलत नाहीत. पण तो अनुभव कुठून येतो हे समजले तर फसगत टळते.

पहिले कारण टी४चा स्वभाव. त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. गोळी थांबवल्यावर पहिले एक-दोन आठवडे फारसे काही जाणवत नाही. त्याच वेळी साखर बंद, चालणे सुरू, झोप वेळेवर. साहजिकच छान वाटते आणि त्याच आठवड्यात व्हिडिओ बनतो. टीएसएच चढलेला दिसतो तो महिना-दीड महिन्यानंतर.

दुसरे कारण, काहींचा आजार मुळातच तात्पुरता असतो. प्रसूतीनंतरच्या वर्षभरात काही स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते, काही महिने कमतरता राहते आणि बहुतेकींची ग्रंथी आपोआप पूर्ववत होते. विषाणूच्या संसर्गानंतरही असे घडते. नुसता टीएसएच ६ किंवा ७ आणि टी४ नॉर्मल, अशा अनेकांचा टीएसएच पुन्हा केल्यावर काहीही न करता मर्यादेत येतो.

तिसरे कारण, काहींना गोळीची गरजच नव्हती. २०१७ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरील ७३७ जणांना, ज्यांचा टीएसएच थोडा वाढलेला पण टी४ नॉर्मल होता, थायरॉक्सिन किंवा दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी दिली. वर्षभरानंतर थकव्यात आणि इतर लक्षणांत फरक दिसला नाही. म्हणजे विनाकारण गोळी देऊ नये हे मुख्य प्रवाहातले वैद्यकशास्त्रही सांगते.

ज्यांची ग्रंथी हाशिमोटोने नष्ट झाली आहे, शस्त्रक्रियेत काढली आहे, किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली आहे किंवा जन्मतःच नाही, त्यांना कोणताही आहार ती परत देऊ शकत नाही. तुम्ही यांपैकी कुठे बसता, हे तुमची पहिली फाइल सांगते. रील सांगू शकत नाही.

सप्लिमेंटचे डबे

बायोटिन आधी. केस गळतात म्हणून हे घेणाऱ्या खूप. दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत असते. काही यंत्रांवर या जादा बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१७ मध्येच याबद्दल सावध केले होते. म्हणजे कार्यक्रमातली गोळीच रिपोर्ट 'सुधारून' दाखवू शकते, आणि त्या रिपोर्टवर कोणी तुमचा डोस कमी करू शकते. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन थांबवा आणि लॅबला तसे सांगा.

आयोडीन प्रौढाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम पुरते, आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात ते सहसा मिळते. त्यावर समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या तर हाशिमोटो असलेल्यांची ग्रंथी आणखी मंदावू शकते. उलट, 'नैसर्गिक' म्हणून सगळा स्वयंपाक सैंधवावर नेला तर आयोडीन कमी पडू शकते, कारण सैंधवात ते सहसा घातलेले नसते. घरात गरोदर बाई असेल तर हे विसरू नका.

सेलेनियमने काही अभ्यासांत अँटिबॉडीचा आकडा खाली आला, पण त्यामुळे गोळी सुटते असे सिद्ध झालेले नाही. गहू बंद करायचा तो सीलिअॅक आजार असेल तर. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

अमेरिकेत फंक्शनल दवाखान्यांतून डुकराच्या थायरॉइडपासून बनवलेले 'नैसर्गिक' औषध बरेच दिले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये एफडीएने उत्पादकांना कळवले की प्राण्यांपासून बनवलेली ही औषधे मंजुरीशिवाय विकली जात आहेत आणि त्यांच्यावर कारवाईचा विचार आहे. या औषधात टी३चे प्रमाण माणसाच्या ग्रंथीपेक्षा जास्त असते. जादा टी३ने छातीत धडधड, हृदयाची अनियमित लय आणि हाडांची झीज होऊ शकते. तुम्ही हे घेत असाल तर अचानक थांबवू नका. डॉक्टरांशी बोलून बदल करा.

सर्वात जास्त धोका कोणाला?

गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नाही; त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. नेमकी तेव्हा आईची गरज सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. 'डिटॉक्स'साठी गोळी बंद आणि त्याच महिन्यात दिवस राहिले, तर कळेपर्यंत महत्त्वाचे आठवडे गेलेले असतात. मूल हवे असेल तर गोळीशी प्रयोग नकोत. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात टीएसएच करा आणि डॉक्टरांना भेटा.

वयस्कर रुग्णांत बऱ्याच काळाच्या बंदीनंतर शरीर थंड पडणे, गुंगी येणे अशी जिवावर बेतणारी अवस्थाही येऊ शकते. सुस्ती वाढत गेली तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

मुळाशी जायचेच तर असे जा

आधी गोळी कशी घेता ते पाहा. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शिअम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवा. अॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आठवड्यात किती वेळा विसरता हे प्रामाणिकपणे मोजा. बाटली ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करा, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

मग थायरॉइडच्या बाहेर शोधा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२, साखर. घोरणे आणि तुटक झोप. नैराश्य. पाळी थांबण्याचा काळ. आपल्याकडे थकलेल्या बाईत यांतले काही ना काही बरेचदा सापडते, आणि त्यावर उपाय असतो. वजनाबद्दलही हिशेब स्वच्छ ठेवा. थायरॉइडच्या कमतरतेने वाढते ते साधारण अडीच ते साडेचार किलो. त्याहून जास्त वाढले असेल तर कारण दुसरीकडेही शोधावे लागेल.

गोळी कायम लागणार का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. सुरू केली तेव्हा टीएसएच किती होता, टी४ कमी होता का, अँटिबॉडी होती का, तेव्हा बाळंतपण झाले होते का? आकडा किरकोळ असेल आणि मूल होण्याचा विचार नसेल, तर देखरेखीखाली डोस कमी करून सहा-आठ आठवड्यांनी तपासता येते. हीच गोष्ट घरी एकट्याने केली तर तो जुगार ठरतो.

सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता दाखवावी, अशी अपेक्षा केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांकडून व्यक्त केली आहे. गलगंड बरा करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ च्या जादूटोणा-उपचारविरोधी जाहिरात कायद्यानेच मनाई आहे. पॅकेजचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पदवी कोणती? या तपासणीचा निकाल काहीही आला तर माझ्या उपचारात नेमके काय बदलेल? आणि सप्लिमेंट तुम्हीच विकता का? दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर ती तपासणी तुम्हाला नको आहे.