पसंतीक्रम कोणाचा?

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत एक बैठक भरते. वडील, चुलते, शहरात नोकरीला असलेला एखादा नातेवाईक आणि क्वचित आई, एवढे तिचे सभासद. ज्याच्या शिक्षणाचा प्रश्न असतो तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात मुकाट बसलेला असतो. मुलगी असेल तर ती बहुधा आत चहा करीत असते. पुढे संगणकावर महाविद्यालयांचा जो पसंतीक्रम भरला जातो, त्यावर नाव मात्र तिचे असते.

हा पसंतीक्रम साधा कागद नव्हे. केंद्रीय प्रवेशपद्धतीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. इतका निर्णायक क्रम ठरतो तो मात्र एस. टी.च्या वेळापत्रकावर. सायंकाळची शेवटची गाडी गाठता येईल तेच महाविद्यालय चांगले, हा खेड्यातील मुलींच्या बाबतीत अलिखित नियम होऊन बसला आहे.

2024-25 या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे उचलले. या निर्णयाचे स्वागत करण्यात कोणी हात आखडता घेऊ नये. परंतु शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल उरतेच. मुलींना एस. टी.चा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. म्हणजे महाविद्यालय दूर जाते नेमके त्याच वर्षी तो हातातून जातो. मग घरात पैशाची अडचण पैशाची म्हणून बोलली जात नाही. ‘दिवस वाईट आहेत, पोरीच्या जातीला एकटे कसे ठेवायचे’ या भाषेत ती पुढे येते, आणि अब्रूच्या प्रश्नावर मुलीला प्रतिवाद करता येत नाही.

याच घरात मुलासाठी जमीन गहाण पडते. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले आणि ऐपत हा प्रवेशाचा निकष झाला. कर्ज काढून पाठविलेल्या त्या मुलालाही निवड होती असे नाही. शाखा चुलत्यांनी ठरविलेली, हप्ते मात्र त्याने फेडायचे!

खेड्यातील विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्कापाशी नव्हे, निवाऱ्यापाशी अडते, हे राजर्षी शाहूंनी ओळखले होते. 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली ती त्याच जाणिवेतून. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही 1924 साली साताऱ्यात आधी वसतिगृह काढले; त्यांचे महाविद्यालय आले 1947 मध्ये. हा क्रम आज उलटा झाला आहे. महाविद्यालयांच्या इमारती माळरानावर उठल्या, पण मुलींना निर्धास्तपणे राहता येईल अशी शासकीय वसतिगृहे गरजेच्या मानाने फारच थोडी. तेव्हा मोफत पास पदवीपर्यंत वाढवावा आणि महाविद्यालय असलेल्या प्रत्येक तालुक्यात मुलींचे शासकीय वसतिगृह व्हावे, या मागण्या शुल्कमाफीइतक्याच निकडीच्या आहेत.

मात्र सारा दोष शासनाच्या माथी मारून कार्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. व्यासपीठावर समतेची भाषा बोलणाऱ्यांच्या घरीही ही बैठक निराळी भरते असे छातीठोकपणे म्हणता येईल काय? घरात किती शिल्लक आहे, किती कर्ज झेपेल, धाकट्यांच्या वाट्याला काय उरेल, हा हिशेब आई आणि मुलांसमोर मांडला तर सतरा वर्षांची मुलगी तो समजू शकते. कित्येकदा ती वडिलांपेक्षा अधिक काटकसरीचा मार्ग सुचवते. नकार द्यायचाच झाला तर तो आकड्यांनिशी द्यावा, अब्रूच्या आडून नव्हे.

पसंतीक्रम भरण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. तेवढ्यात वसतिगृहांची चौकशी, उत्पन्नाचा व जातीचा दाखला आणि घरच्यांची समजूत, सारे साधत नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे काम परीक्षा संपताच, मार्च-एप्रिलमध्येच हाती घेतले पाहिजे.