माले भूक लागनी

मी सटाण्याचा. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि हॉस्टेलवर आल्यापासून जरा जपूनच बोलणं. मेसच्या रांगेत 'माले भूक लागनी' असं तोंडातून निघालं की मागून कोणीतरी म्हणतंच, "अरे, शुद्ध बोल ना!"

तर मित्रांनो, हे 'लागणे' काय प्रकरण आहे ते बघू. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणे आणि 'लग्न' म्हणजे चिकटलेला. (आपलं लग्नही त्यातलंच, पुढचं ज्याचं त्याने बघावं!) प्राकृतात त्याचं 'लग्ग' झालं. पंजाबीने ते जपलं. मराठी-गुजरातीने जोडाक्षर सोडून आधीचा स्वर लांबवला, 'सत्त'चं 'सात' झालं तसंच. हिंदीत स्वर न लांबता नुसतं 'लग' उरलं. आता गुजराती 'मने भूख लागी', हिंदी 'मुझे भूख लगी', मराठी 'मला भूक लागली' आणि अहिराणी 'माले भूक लागनी'. यात बिघडलेलं कोण? 'लागनी'तला 'न' ही चूक नाही, तो अहिराणीचा भूतकाळाचा प्रत्यय आहे. 'आला'ला आम्ही 'ऊना' म्हणतो, त्यातलाच.

चिकटण्याचा अर्थ तरी कुठवर जावा! रंग लागतो, ठेच लागते, रिझल्ट लागतो, नशीब असेल तर नोकरी लागते. जर्नल लिहावं 'लागतं'. हिंदीवाल्याला तेच लिखना 'पड़ता है', म्हणजे काम त्याच्यावर पडतं आणि आपल्याला चिकटतं.

युरोपातल्या बहिणी-बहिणी भाषांत तर याहून गंमत आहे. लॅटिन 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे. त्यातून स्पॅनिशमध्ये 'पोहोचणे' असा अर्थ आला आणि रुमानियनमध्ये 'निघून जाणे'! शिडं गुंडाळली की जहाज पोहोचलं, तंबू गुंडाळले की फौज निघाली, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. अर्थ चक्क उलटा, तरी रुमानियनला कोणी अशुद्ध स्पॅनिश म्हणत नाही.

ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात घेतली आणि खानदेशी नवव्यात. २०११च्या जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजली आहे, साडेअठरा लाखांवर माणसं. भाषा म्हणा की बोली, त्यावर मी भांडणार नाही.

मला खटकतं ते वेगळंच. फर्स्ट इयरची बागलाणची पोरं घरचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलतात. त्यांना रूममध्येच मोठ्याने बोलू द्या. आणि रेक्टर सर, यंदाच्या गॅदरिंगला एक अहिराणी नाटुकली ठेवाच. बसवायला मी तयार आहे.