कंसातले इंदूर

होळकरशाहीचा विषय निघाला की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी अहिल्याबाईंचे दातृत्व सांगतात, यशवंतरावांचे शौर्य सांगतात आणि महिदपूरपाशी आली की गफूरखानाच्या फितुरीवर सारा दोष टाकून गप्प बसतात. ज्या साध्या शिपायांच्या जिवावर हे राज्य चालले त्यांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्यांच्यासाठी राखले आहे.

होळकरांचे मूळ बळ घोडदळाचे. कवायती पायदळाची निकड पटली ती थोरल्या तुकोजीरावांच्या अखेरच्या काळात. द्युद्रनेक या फ्रेंच सरदाराने त्यांच्यासाठी तयार केलेल्या पलटणी १७९३ साली लाखेरीस शिंद्यांच्या द बॉयनने धुळीस मिळविल्या. यशवंतरावांनी पुन्हा पलटणी उभारल्या, १८०२ मध्ये हडपसरास त्यांनी विजयही मिळविला. पण तोही पेशवे आणि शिंदे यांच्यावरच! या शिपायांत मराठे थोडे, पुरभय्ये आणि मुसलमान अधिक. आमच्या मते त्यामुळे त्यांचे इंदूरपण तिळमात्र उणे होत नाही.

२१ डिसेंबर १८१७ रोजी हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेने महिदपूरपाशी क्षिप्रा ओलांडली. होळकरांच्या गादीचा धनी मल्हारराव अकरा वर्षांचा. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा आदल्याच रात्री नदीकाठी स्वकीयांनी शिरच्छेद केलेला. गफूरखान निघून गेला, आणि पुढे मंदसोरच्या तहात त्याला जावरा मिळाले. परंतु होळकरांचे गोलंदाज हलले नाहीत. शत्रूच्या संगिनी अंगावर येईपर्यंत ते तोफांपाशीच उभे होते, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. फितुरीची गोष्ट सांगताना आपण ही का गाळतो, हे आम्हांला उमगत नाही.

१ जुलै १८५७ ला सआदतखानाच्या पुढाकाराने याच फौजेने इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा डागल्या. महाराजांचे मन कोणीकडे होते यावर आजही वाद घालता येईल. शिपायांचे कोणीकडे होते यावर नाही. सआदतखानास १८७४ साली फाशी झाली. पुढे पहिल्या महायुद्धात संस्थानाचे वाहतूक दल १९१५ मध्ये पार गॅलिपोलीपर्यंत खेचरे घेऊन गेले.

स्वातंत्र्यानंतर संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले, आणि त्याचे पायदळ भारतीय सेनेच्या कुमाऊं रेजिमेंटची १५ वी पलटण झाले. नाव पडले '१५ कुमाऊं (इंदूर)'. शेजारच्या ग्वाल्हेरची पलटण १४ वी. आता गंमत पाहा. ही रेजिमेंट १९४५ पर्यंत 'हैदराबाद रेजिमेंट' म्हणून ओळखली जात असे, आणि तिचे मूळ निजामाच्या रसेल ब्रिगेडपर्यंत जाते. महिदपुरास हिस्लॉपच्या बाजूने लढलेल्या पलटणींत ही रसेल ब्रिगेडही होती. क्षिप्रेच्या दोन्ही बाजूंचे शिपाई अखेर एकाच निशाणाखाली आले!

या रेजिमेंटचे केंद्र आणि संग्रहालय राणीखेतास आहे. नैनिताल-अलमोड्याकडे सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी तेथे तासभर अवश्य थांबावे. मुलांना मात्र आधी महिदपूर दाखवून आणावे. उज्जैनहून सकाळी निघाल्यास दुपारच्या जेवणाला परतता येते.