इथे वशिला चालत नाही

चर्च बघायला आलेला माणूस थेट दाराकडे वळतो. उत्तर इटलीतल्या वाल रेंदेना या आल्प्सच्या खोऱ्यात मात्र आधी बाहेरच्या भिंतीपाशी थांबावं. पिंझोलो गावच्या सान विजिलिओ चर्चच्या दक्षिण भिंतीवर, छपराच्या वळचणीखाली, सिमोने बास्केनिसने १५३९ साली मृत्यूचा नाच रंगवला. एका टोकाला मुकुट घातलेला सांगाडा ऐटीत बसून बॅगपाइप वाजवतोय आणि त्या तालावर एकेक सांगाडा एकेका माणसाला घेऊन निघालाय. क्रूसावरच्या ख्रिस्तानंतर पहिला मान पोपचा! मागोमाग कार्डिनल, बिशप, सम्राट, राजा, राणी. पैशाला घट्ट धरून बसलेला धनिक सुटत नाही, भिकारी नाही आणि तान्हं पोरही नाही. बास्केनिस घराणं बेर्गामोच्या डोंगरातलं; पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून चर्चच्या भिंती रंगवणं हा त्यांचा धंदा. जवळच कारिसोलोत, सार्का नदीवरच्या कड्यावरल्या सान्तो स्तेफानो चर्चच्या भिंतीवरही याच सिमोनेने १५१९ साली हाच विषय हाताळला होता. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही हा मजकूर येता-जाता समजत असणार. मला कौतुक वाटतं ते चर्चच्या छातीचं: आपल्याच भिंतीवर, आपल्याच सर्वोच्च धन्याला रांगेत सर्वांत पुढे उभं करायचं! आज अशा भिंतीला किती संस्थांची परवानगी मिळेल?