प्रवेशाच्या दारांतील नवी भिक्षुकशाही

परवां एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्या कचेरींत आले. जात इतर मागासवर्गांतील, घरचें उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या पुष्कळच खालीं. मुलीस इंजिनियरिंगच्या सीईटींत ७८ पर्सेंटाइल मिळाले होते. तालुक्याच्या गांवीं दुकान थाटून बसलेल्या एका प्रवेश-सल्लागारानें त्यांस सांगितलें कीं, ‘सरकारी फेरींत तुमच्या मुलीचा नंबर लागावयाचा नाहीं; व्यवस्थापनाची एक जागा तुमच्यासाठीं धरून ठेवली आहे, उद्यांच पैसे भरा.’ गृहस्थांनीं दोन दुभत्या म्हशी विकल्या, वर कर्ज काढलें आणि पैसे भरले. आतां ते एवढेंच विचारावयास आले होते कीं, ‘मुलींची फी माफ झाली असें ऐकतों, आमची परत केव्हां मिळेल?’ ती मिळणार नाहीं, हें सांगतांना आमची जीभ अडखळली.

सन २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनें आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय, मराठा आरक्षणांतील व आर्थिक दुर्बल मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण सोडली आहे. परंतु त्यास एक अट आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरींतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या जागेस ही सवलत नाहीं. म्हणजे जी जागा ‘मिळवून दिली’ म्हणून त्या सल्लागारानें दक्षिणा घेतली, तिनेंच त्या मुलीची माफी बुडविली! ह्या घराला दारिद्र्यानें बुडविलें नाहीं, चोरानेंही नाहीं; नियम ठाऊक नसल्यामुळें तें बुडालें.

म्हणून आमच्या लोकांत रूढ झालेले कांहीं गैरसमज आज आम्हीं उघड्यावर मांडतों.

पहिला गैरसमज पर्सेंटाइलचा. पर्सेंटाइल म्हणजे शेंकडा गुण नव्हेत. ७८ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रांत बसलेल्या दर शंभरांतील ७८ जण त्या मुलीच्या बरोबरीचे किंवा मागें आहेत, इतकेंच. सीईटीची परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रश्नपत्रिका निरनिराळ्या असतात, म्हणून हा हिशेब. ज्यास हें कळत नाहीं, तो बाप एक तर ‘पोरगी पहिल्या वर्गांत आली’ म्हणून हुरळतो, नाहीं तर बारावीच्या गुणांशीं तुलना करून तिला बोल लावतो. आणि दोन्ही वेळां सल्लागाराच्या हातीं सांपडतो. ह्याच परीक्षेंत चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहींत, तरी भीतीनें प्रश्न कोरे सोडून येणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. वैद्यकीय शिक्षणाच्या नीट परीक्षेंत मात्र बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीस एक जातो. एका परीक्षेचा नियम दुसरीस लावूं नये.

दुसरा गैरसमज पसंतीक्रमाचा. ‘मोठ्या कॉलेजाचें नांव वर लिहिलें तर खालचेंही हातचें जाईल’, असें मुलांस कोणी तरी पढवितें. हें खोटें आहे. जागा गुणानुक्रमानें वांटल्या जातात. ज्याचा क्रम आला, त्यास त्याच्या यादींतील वरून पहिली मोकळी जागा मिळते. म्हणून जें मनापासून हवें तेंच वर लिहावें आणि खालीं भरपूर नांवें द्यावीं. मात्र पहिल्याच फेरींत पहिली पसंती मिळाली, तर ती पतकरलीच असें नियम धरतात. सबब पहिलें नांव विचार करून लिहावें.

तिसरा गैरसमज सर्वांत घातकी. तो हा कीं, राखीव जागा आमच्या आणि खुल्या जागा ‘त्यांच्या’. कोणी सांगितलें? खुली जागा ही कोणत्याही जातीची मिरास नव्हे. ती गुणांनीं मिळविणाऱ्या प्रत्येकाची आहे. मागासवर्गीय मुलगा स्वतःच्या गुणांवर खुल्या यादींत आला तर तो राखीव हिश्शांत मोजावयाचा नाहीं, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं इंद्रा साहनी खटल्यांत नोकऱ्यांसंबंधीं मान्य केलें. आणि २०२४ सालीं मध्य प्रदेशांतील वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यांतही तेंच उचलून धरलें. तरीही आमचींच माणसें ‘आपल्याला आपल्या कोट्यापुरतें पुरे’ म्हणून मुलांच्या उमेदीस कुंपण घालतात. राखीव जागा हा आमचा हक्क आहे, ती आमची मर्यादा नव्हे!

चौथा गैरसमज कागदांचा. जातीचा दाखला हातीं आहे म्हणजे काम झालें, असें समजून लोक स्वस्थ बसतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेस जात-पडताळणीचें प्रमाणपत्र लागतें, इतर मागासवर्गीयांस नॉन-क्रिमिलेअरचाही दाखला लागतो. पडताळणीस इतर मागासवर्गीयांनीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा, विमुक्त-भटक्यांनीं २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा आणि अनुसूचित जातींनीं १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा पुरावा जोडावा लागतो. ज्या आजोबांस शाळेची पायरी दिसली नाहीं, त्यांचा शाळेचा दाखला कोठून आणावा? अशा घरांनीं गांवच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुक व जमिनीचे कागद शोधावे. हें काम अकरावींतच सुरू केलें पाहिजे. निकालानंतर धांवपळ करून तें होत नसतें. सरकार कधीं मुदत वाढवून देतें, कधीं देत नाहीं. त्याच्या भरंवशावर मुलाचें वर्ष पणास लावूं नये.

राहतां राहिली ‘धरून ठेवलेली’ जागा. व्यवस्थापनाच्या जागाही अर्ज मागवून, आलेल्या अर्जांतील गुणानुक्रमानेंच भरावयाच्या असतात. मंजूर फीवर वेगळी देणगी घेणें १९८७ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत गुन्हा आहे. जो पावती देत नाहीं, त्यास पैसा देऊं नका.

कोणी म्हणेल, नियमच इतके किचकट कीं मध्यस्थावांचून गत्यंतर नाहीं. ह्यांत तथ्य आहे, आणि त्याचा दोष सरकारकडे जातो. फॉर्म इंग्रजी, तारखा बदलत्या, आणि कर भरणारा मराठी कुणबी! रयतेच्या पैशावर चालणारी विद्या रयतेच्या मुलांपर्यंत पोंचत नाहीं, हेंच गाऱ्हाणें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें होतें. प्रवेशाचे सारे नियम सोप्या मराठींत, प्रत्येक शाळेच्या फळ्यावर, परीक्षेच्या आधीं लागले पाहिजेत, ही आमची मागणी आहे.

परंतु सरकारला बोल लावून आपली सुटका होत नाहीं. १८७३ सालीं स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजानें आम्हांस शिकविलें कीं, देव आणि माणूस ह्यांच्यामध्यें दलाल नको. मंत्र गुप्त ठेवून त्यावर पोट भरणें हीच भिक्षुकशाही. मग तो मंत्र संस्कृतांतला असो कीं प्रवेशाच्या नियमपुस्तकांतला. आणि लाजेची गोष्ट ही कीं, हे नवे भिक्षुक बहुधा आपल्याच जातींतले, आपल्याच भावकींतले आहेत! शिकून शहाणे झाले आणि तें शहाणपण आपल्याच अडाणी भावास विकूं लागले.

म्हणून गांवोगांवच्या शिकलेल्या तरुणांस आमचें सांगणें आहे. प्रवेशाच्या दिवसांत रोज दोन तास गांवच्या चावडींत, वाचनालयांत किंवा वसतिगृहांत टेबल टाकून बसा. नियमपुस्तक मोठ्यानें वाचा, फॉर्म भरून द्या, आणि कोणाकडूनही चहाचा पैसासुद्धां घेऊं नका. म्हशी विकून आलेल्या त्या बापास वेळेवर असा एक जरी तरुण भेटला असता, तरी त्याची दावण आज रिकामी झाली नसती.