खोलीतला स्वर आणि बाजाराचा हिशेब

जयपूरजवळच्या सांगानेरचे ठसाकाम प्रसिद्ध आहे. लाकडी ठसा हाताने कापडावर उमटवताना एखादी रेघ किंचित सरकते, रंग कुठे गडद तर कुठे फिका पडतो. जाणकार याला दोष मानीत नाहीत. ती माणसाच्या हाताची खूण असते. एकट्या गायकाने आपल्या खोलीत, साध्या यंत्रावर, स्वतःच वाजवून-गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रिकांचे आकर्षण याच जातीचे आहे. श्वासाचा आवाज, तारेवर घसरलेले बोट, फितीची खरखर त्यात राहून जाते. श्रमाच्या खुणा पुसलेल्या नसल्यामुळेच ते गाणे जवळचे वाटते.

ही कला केवळ मध्यमवर्गीय एकांताचा विलास होय, असे काही जण म्हणतील. हे मत एकांगी आहे. कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे मुद्रित करणारे छोटे यंत्र १९७९ मध्ये टॅस्कॅम या जपानी कंपनीने बाजारात आणले. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये घरी अशाच यंत्रावर मुद्रित केलेली गाणी ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. मोटार कारखाना बंद पडून बेकार झालेला कामगार त्यातील एका गाण्याचा नायक आहे. आपल्याकडेही १९८० च्या दशकात कॅसेटनेच ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि शाहिरी व भीमगीते वस्त्यावस्त्यांत पोहोचविली.

साधन हाती आले. बाजार मात्र हाती आला नाही. जयपूरचेच प्रतीक कुहाड यांचे उदाहरण बोलके आहे. गिटार आणि हळुवार स्वर एवढ्या भांडवलावर, मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय त्यांनी श्रोते मिळविले. २०१९ मध्ये बराक ओबामा यांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्यांचे गाणे आले. २०२० अखेर त्यांनी इलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीशी करार केला. ती वॉर्नर या बलाढ्य उद्योगसमूहाची. यात गायकाला दोष देण्याचे कारण नाही. जगभर पोहोचण्याचे रस्ते कोणाच्या मालकीचे आहेत, हा खरा प्रश्न आहे.

ज्यांच्याकडे असा करार नाही, त्यांची स्थिती अधिक बिकट आहे. स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार, मागील बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. तो पैसा अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या वाट्याला जातो. म्हणजे नवख्याचे श्रम कंपनीच्या भांडारात जमा होतात आणि त्याच्या हाती शून्य येते.

अमेरिकेत २०२० मध्ये संगीतकारांनी आपली संघटना उभारून, गाणे ऐकले जाईल त्या प्रत्येक वेळी किमान एक सेंट द्या, अशी मागणी केली. खोलीत एकट्याने गाता येते. गाण्याचा मोबदला मात्र एकट्याने मिळविता येत नाही. आपल्या तरुण गायकांनीही हा धडा घ्यावयास हवा.