आटलेल्या तेलविहिरींची जबाबदारी

विहीर खणणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानिले आहे. परंतु खणलेली विहीर निरुपयोगी झाली म्हणजे तिचे तोंड नीट बंद करणे हेही कर्तव्यच होय, ही गोष्ट आपण सहज विसरतो. वसईच्या वाडीत बावखल कोणाचे, हे साऱ्या आळीस ठाऊक असते. त्यात कोणाचे वासरू पडले तर कोणाच्या दारी जावयाचे, याविषयी संशय राहत नाही. पण वसईच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या विहिरी समुद्रात आहेत, त्यांतील एखादी आटल्यावर बिघडली, तर कोणाच्या दारी जावयाचे? आजचा आमचा प्रश्न एवढाच आहे.

‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधून काढिले, हे सर्वांस माहीत आहे. त्यानंतर १९७६ साली आपल्या किनाऱ्यासमोरील समुद्रात वायूचे मोठे क्षेत्र सापडले व त्यास वसईचे इंग्रजी नाव ‘बसीन’ हे देण्यात आले. १९८८ पासून तेथून निघणारा वायू समुद्रतळाच्या नळांनी हजिऱ्यास जातो आणि पुढे उत्तर भारतातील कारखाने चालवितो. नाव वसईचे आणि माल हजिऱ्याचा, याबद्दल आमची तक्रार नाही. राष्ट्राच्या कामी आला तो सर्वांचाच. परंतु उत्पादन सुरू होऊन तीन तपे उलटली आहेत. माणसाप्रमाणे विहिरीसही वार्धक्य येते. तेव्हा तिच्या अंत्यविधीची तजवीज आज पाहिली पाहिजे.

तेलविहीर बंद करणे म्हणजे तिच्यावर झाकण ठेवणे नव्हे. ज्या थरांतून तेल वा वायू येतो, त्यांच्यासमोर सिमेंटची जाड बुचे बसवावी लागतात. ती दाब देऊन तपासावी लागतात. पोलादी नळ समुद्रतळाच्या खाली कापून वरचे अवशेष काढून न्यावे लागतात. बसीनच्या वायूत गंधकयुक्त विषारी वायूही मिसळलेला असतो, म्हणून येथे सावधगिरी अधिक हवी. बूच कच्चे राहिले, तर त्याचा परिणाम आज दिसेलच असे नाही. विहीर बंद करणारे अधिकारी निवृत्त होतील, कंपनीचे नावही बदलेल, आणि मग एखाद्या दिवशी ती गळू लागेल.

ही भीती काल्पनिक नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या मंचावर अकरा माणसे प्राणास मुकली व पुढे ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिले. त्या दिवशी विहीर खणण्याचे काम संपले होते. तिला तात्पुरते बंद करण्याचे काम चालू होते. दाबाची परीक्षा घेतली गेली, पण तिचे प्रतिकूल उत्तर अनुकूल मानिले गेले. म्हणजे अनर्थ घडला तो बंद करण्याच्या कामातील हयगयीने. आसामातील बागजान येथे मे २०२० मध्ये दुरुस्ती चालू असता जी विहीर उफाळली, ती पूर्णपणे आवरावयास नोव्हेंबर उजाडला.

कायदा नाही, असे आम्ही म्हणत नाही. तेलक्षेत्रांचा मूळ कायदा १९४८ चा आहे. त्यात नियमभंगास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. २०२५ च्या दुरुस्तीने कैद गेली व दंड पंचवीस लाखांपर्यंत चढला. जागा पूर्ववत करण्यासाठी निधी साठविण्याची योजना १९९९ पासून आहे. तापी क्षेत्रातील उत्पादन २०१६ साली थांबल्यावर तेथील विहिरी बुजवून पाच मंच उचलण्यात आले; समुद्रातील असे काम या देशात प्रथमच झाले. मनात आणिले तर हे करिता येते, याचा तो पुरावा होय.

मग उणीव कोठे आहे? समुद्रातील सुरक्षिततेवर देखरेख करणारे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या आधीन, आणि बसीनच्या विहिरी चालविणारी ओएनजीसीही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली! हिशेब लिहिणारा व तपासणारा एकाच घरचा असला, तर कोणता व्यापारी त्या वहीवर विश्वास ठेवील? सरकारी कंपनीने सरकारास दंड भरणे म्हणजे उजव्या खिशातील पैसा डाव्या खिशात टाकणे होय. ब्रिटनच्या समुद्रात १९८८ साली ‘पायपर अल्फा’ मंचावर १६७ माणसे प्राणास मुकली, तेव्हा चौकशीअंती तपासणीचे काम ऊर्जाखात्याकडून काढून घेण्यात आले. तो धडा आपण फुकट घ्यावा. प्राणांची किंमत देऊन विकत घेऊ नये.

दुसरी उणीव याहून लाजिरवाणी आहे. शेतातील साध्या कूपनलिकेसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दंडक घातला की, खणण्यापूर्वी पंधरा दिवस सूचना द्यावी, निरुपयोगी झाल्यास ती माती-दगडांनी भरावी, आणि चालू किती व टाकलेल्या किती याची नोंद जिल्ह्यात ठेवावी. वीतभर तोंडाच्या पाण्याच्या नळीची नोंद गावोगाव हवी, मग वायूच्या विहिरीची नोंद अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याच्या हाती, त्याला वाचता येईल अशा मराठीत का नसावी? पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे लागतात. ते जहाजांनी सोडलेले की समुद्रतळातून आलेले, हे त्या बिचाऱ्यास कोणी सांगत नाही. जाळे मात्र त्याचे खराब होते.

कोणी म्हणेल, देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक परदेशातून येते. अशा वेळी तुम्ही खणणाऱ्याचे हात का बांधता? खणणाऱ्याचे हात आम्ही बांधीत नाही. खणून झाल्यावर ते झटकून निघून जाऊ नये, इतकेच म्हणतो. जो नफ्याच्या वेळी मालक, तो आटल्यावरही मालकच.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. तपासणी करणारे खाते पेट्रोलियम मंत्रालयापासून वेगळे करावे. प्रत्येक क्षेत्राच्या नावे बंद करण्यासाठी किती रक्कम शिल्लक आहे, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आणि चालू, थांबलेल्या व बुजविलेल्या विहिरींची यादी, त्यांच्या परीक्षेच्या निकालासह, किनाऱ्यावरील मच्छीमार सोसायट्यांत मराठीत लावावी. यांत अशक्य असे काहीच नाही. वसईचे नाव सरकारने न विचारता घेतले. त्या नावाच्या विहिरींचा हिशेब तरी वसईकरांनी विचारल्यावर द्यावा. आणि तो विचारण्याचे काम, वाचकहो, तुमचे-आमचे आहे.